घ्या ना वजीर!

बुद्धिबळ हा शांत, चष्मिश लोकांचा खेळ आहे असं वाटत असेल, तर तुम्ही अजून ब्लॅकमार-डीमर गॅम्बिट पाहिलेला नाही. गॅम्बिटचा फंडा सोपा आहे. सुरुवातीलाच एक प्यादं समोरच्याला खाऊ घालायचं आणि तो ते पचवेपर्यंत हल्ला चढवायचा. न्यू ऑर्लिन्सच्या आर्मांड ब्लॅकमारने १८८०च्या दशकात याची मूळ कल्पना मांडली. पुढे जर्मनीच्या एमिल डीमरने ती अक्षरशः डोक्यावर घेतली. १९५७ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाचं नावच मुळी ‘पहिल्या चालीपासून मात’ अशा अर्थाचं!

जाणकारांचं मत मात्र रोखठोक आहे : काळ्याने नीट खेळलं, तर पांढऱ्याचं प्यादं गेलं ते गेलंच. पण नीट खेळतंय कोण? मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या डावात तर नाहीच.

माझी आवडती आवृत्ती याहून आगाऊ. पाचव्या चालीला मी वजीर बाहेर काढते आणि दुसरं प्यादंही वाऱ्यावर सोडते. काळा वजीर ते खातो. मी उंटाने त्याला हुसकावते, तो बी-फोरवर पळतो, मी वजिराच्या बाजूला कॅसलिंग करते. आता काळ्याला लॉटरी लागल्यासारखं वाटतं. उंट जी-फोरला आणला की माझा वजीर आणि मागचा हत्ती एकाच रेषेत! तो उंट आणतो. माझा घोडा बी-फाइव्हवर. तो खुशीत वजीर मारतो. घोडा सी-सेव्हनवर. नववी चाल, मात! याला हॅलोसर सापळा म्हणतात. डोंबिवली ते दादर प्रवासात यावर मी कितीतरी डाव जिंकलेत.

एका रविवारी तो बाबांवर टाकला. बाबा बँकेतून रिटायर झालेत. अजूनही चेक पास केल्यासारखी एकेक चाल खेळतात. त्यांचा हात उंटाकडे गेला. माझा श्वास अडकला. मग हात मागे आला. चहाचा एक घोट. आणि त्यांनी सी-सेव्हनचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. बस्स! बी-फाइव्हचा रस्ता बंद, घोडा जागच्या जागी आणि मी दोन प्याद्यांनी मागे. पुढचा तासभर ते शांतपणे वसुली करत राहिले.

“अटॅक भारी होता ना पण, बाबा?”

“होता. पण जिंकलीस तर तू हुशार, आणि हरलीस तर म्हणतेस, गॅम्बिटच कच्चा होता. म्हणजे तू स्वतः कधी हरतच नाहीस.”

तेव्हा हसले. रात्री झोप येईना. कारण मी लेखही तसेच लिहिते, डेडलाइनच्या आदल्या रात्री. जमला तर ‘एका रात्रीत लिहिलाय, माहितीये?’ फसला तर ‘वेळच कुठे होता?’ तुमच्या ऑफिसमधली प्रेझेंटेशन्स आठवून बघा. ओळखीचं वाटतंय?

पुढच्या रविवारी मी साधी, सरळ सुरुवात केली. एकही प्यादं उधळलं नाही. तरीही हरले, आणि जाम लागलं, कारण दोष द्यायला गॅम्बिट नव्हता. पटावर फक्त राजे आणि प्यादी उरली की मी गोंधळते, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. याआधी माझे डाव तिथवर पोचायचेच नाहीत!

आता रोज रात्री अर्धा तास तेवढंच शिकते. लोकलमध्ये गॅम्बिट अजूनही चालू आहे, मजा येते म्हणून. रविवारी मात्र नाही.

आणि हो, हा लेख डेडलाइनच्या चार दिवस आधी दिलाय. फसला असेल, तर मीच फसलेय.