आखूड मान

आमच्या वाडीत मला सगळे 'बिनमानेची' म्हणत. डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं, मागं केस पार खालपर्यंत उतरलेले. कुणी मागून हाक मारली की मी अख्खी वळायची, बैलगाडी वळते तशी. आजी म्हणायची, "देवानं घाईत घडवली पोरगी."

चौदाव्या वर्षी मान ठणकायला लागली. विहिरीचं पाणी, वैरणीचा भारा; चुंबळ कितीही मऊ केली तरी रात्री उशी नको वाटायची. चुलता म्हणाला, "हाडवैद्याकडं न्या, एक कडाका मोडला की मोकळी हुईल." आईनं ऐकलं नाही. एसटीनं मला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं.

एक्सरेत मानेच्या सात मणक्यांतले दोन एकमेकांना चिकटलेले. आजाराचं नाव क्लिपेल-फाईल. 1912 साली त्या नावाच्या दोघा फ्रेंच डॉक्टरांनी तो लिहून ठेवला. आईच्या पोटातच, पहिल्या दोनेक महिन्यांत, मणके सुटे व्हायचे राहून जातात. चिकटलेला भाग हलत नाही, म्हणून वरखालच्या सांध्यांवर ताण. पोटाचीही तपासणी झाली, कारण अशांना कधीकधी मूत्रपिंड एकच असतं. माझी दोन्ही जागेवर होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मानेला झटका नाही, कोलांटी नाही, डोक्यावर ओझं नाही.

ओझं नाही, मग पाणी कोण आणणार? परतताना आई गप्पच होती. दुसऱ्या दिवशी माझी कळशी तिनं आपल्या हंड्यावर चढवली.

व्यायाम बघून तर मला हसूच आलं. तळहात कपाळाला लावायचा, कपाळानं हात रेटायचा नि हातानं कपाळ. मान जागची हलता कामा नये. पाच अंक मोजून सैल सोडायचं. तसंच दोन्ही कानशिलांना, मग डोक्यामागं. खांद्याची पाती मागं ओढून जवळ आणायची. हाताला मुंग्या आल्या तर थांबायचं, दवाखाना गाठायचा. हाडं सुटणार नाहीत, भोवतीचे स्नायू बळकट होतील, एवढंच बाईंनी कबूल केलं. मला ते पटलं. हराळी बांधाची माती धरून ठेवते, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

ओट्यावर बसले की पोरं नकला करायची. आई चुलीपुढून मोजायची. तीनेक महिन्यांत ठणका उतरला. मान काही वळली नाही, आजही वळत नाही.

आता आईची मान दुखते. परवा तिला तेच शिकवायला बसले, तर म्हणाली, "कपाळाला हात लावाय सांगतीस? त्यो तर मी कवाच लावलाय."