दिवसाला पाच ठोकळे

शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली, त्यानंतर चित्रकलेचं नाव काढलं ते थेट बेचाळिसाव्या वर्षी. इंटरनेटवर ‘ड्रॉअबॉक्स’ नावाचा अभ्यासक्रम मिळाला. धडे फुकट आणि क्रमाने लावलेले. पहिल्या धड्यात रेघा, लंबगोल, ठोकळे. तो संपला की जादा सराव: वेगवेगळ्या कोनांत फिरवलेले २५० ठोकळे, पट्टी न लावता, ०.५ च्या फाइनलायनरने. शाईचं पेन, त्यामुळे खोडरबराचा उपयोग नाही.

मी हिशेब केला. रोज २५ काढले तर दहा दिवसांत मोकळी.

पहिल्या रविवारी जेवणं उरकून बसले आणि ४० काढून उठले. फार छान वाटलं. सोमवारी २० झाले, मंगळवारी १२. बुधवारी भाजी चिरतानाच मनगट दुखायला लागलं. रेघ खांद्यातून हात फिरवून काढायची, हे धड्यात वाचलं होतं. पण घाईत हात मनगटावरच यायचा आणि ते माझ्या लक्षातही येत नव्हतं.

खरी चूक पुढेच होती. ठोकळ्यात चार-चार रेघांचे तीन गट असतात. ठोकळा झाला की या रेघा दुसऱ्या रंगाने मागच्या दिशेला वाढवून बघायच्या. प्रत्येक गटातल्या रेघा लांब जाताना एकमेकींच्या जवळ यायला हव्यात. मी ठरवलं होतं, हे काम शेवटी एकदम करू. ७२ ठोकळे झाल्यावर मुलाने सहज पान उचललं. तो नववीत आहे, इंटरमिजिएटची तयारी करतोय. त्याने लाल पेन आणि पट्टी घेऊन चार-पाच ठोकळ्यांच्या रेघा वाढवल्या. म्हणाला, “आई, या मागे जाताना पसरतायत गं.” मग मी सगळी पानं तपासली. बहुतेक ठोकळ्यांत तीच चूक. मला रडू आलं. वही कपाटात गेली ती तीन आठवडे.

परत सुरुवात केली तेव्हा दिवसाला पाचच ठोकळे ठरवले. आधी दहा मिनिटं नुसत्या रेघा आणि लंबगोल, हात सैल होईपर्यंत. पाच झाले की लगेच लाल रेघा. दुसऱ्या दिवशी पेन उघडण्याआधी कालचं पान बघायचं आणि त्यातली एकच चूक आज सांभाळायची. जुने ७२ मी मोजणीत धरले, फाडले नाहीत.

त्याच अभ्यासक्रमात आणखी एक सांगितलंय: चित्र काढायचा निम्मा वेळ सरावाला आणि निम्मा मनाला येईल त्या चित्रांना. आधी मला तो वेळ वाया घालवणं वाटायचं. आता ठोकळ्यांना अर्धा तास दिला की पुढचा अर्धा तास शेगडी, कुकर, गॅलरीतली तुळस. ती चित्रं वाईटच यायची, पण त्यांच्यामुळे मी रोज टेबलाशी बसत राहिले.

गणपतीत आठ दिवस पेन हातात धरलं नाही. राहिलेले ठोकळे दुप्पट काढून भरून काढायचा मोह झाला, तो आवरला. दीडशेच्या पुढे ठोकळ्याच्या मागच्या कोपऱ्यात तिन्ही रेघा जुळायला लागल्या. सगळ्या ठोकळ्यांत नाही. २५० पुरे व्हायला पहिल्या रविवारपासून तीन महिने लागले. मनगट परत दुखलं नाही.

आता दुसरा धडा चालू आहे. सुरुवातीच्या दहा मिनिटांत एक ठोकळा अजून असतो, लाल रेघांसकट.