कुठली उत्तर?

जहाजाच्या ब्रिजवर नुसतं ‘उत्तर’ म्हणून भागत नाही. आमच्याकडे निदान तीन उत्तरा असतात. एक पृथ्वीच्या अक्षाची, म्हणजे खरी. दुसरी चुंबकाची. तिसरी होकायंत्राची, जहाजाच्याच लोखंडाने बिघडवलेली. चार्ट आखलेला असतो पहिलीवर आणि सुई बघत असते तिसरीकडे. मधल्या फरकाचा हिशेब प्रत्येक वॉचमध्ये मांडायचा, ही नॅव्हिगेशन ऑफिसरची रोजची भाकरी. ती मी बरीच वर्षं खाल्ली.

शाळेतल्या पृथ्वीगोलात ध्रुव दोनच होते: सळई जिथून आत शिरते आणि जिथून बाहेर पडते ते. त्यांच्याशिवाय चुंबकीय ध्रुवही असतात, हे पुस्तकात वाचलं होतं. ते जागेवर राहत नाहीत हे मनावर ठसलं समुद्रावर आल्यावर. मोकळी सुई जिथे सरळ खाली तोंड करून उभी राहते, तो चुंबकीय ध्रुव. जेम्स क्लार्क रॉस १८३१ साली कॅनडाच्या उत्तरेला बूथिया द्वीपकल्पावर तिथे पोचले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी आमुंडसेन त्याच भागात गेले, तोवर ध्रुव सरकला होता. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातलं वितळलेलं लोखंड सतत वाहत असतं, त्याच्याबरोबर तोही हलतो. या शतकाच्या सुरुवातीला तर तो वर्षाला पन्नासेक किलोमीटर या वेगाने सैबेरियाकडे निघाला होता. जगभरच्या नौका आणि विमानं ज्या चुंबकीय प्रतिमानावर विसंबतात, ते दर पाच वर्षांनी नवं काढतात. उत्तरेतली ही घाई पाहून २०१९ मध्ये ते मुदतीआधीच सुधारावं लागलं.

याखेरीज भूचुंबकीय ध्रुव म्हणून आणखी एक प्रकार आहे. पृथ्वीच्या पोटात एक सरळ चुंबक आहे असं मानून गणिताने काढलेला हा बिंदू. दक्षिणेतला असा बिंदू रशियाच्या अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक केंद्राच्या आसपास पडतो, तर सुई उभी राहते ती जागा तिथून फार लांब, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापलीकडच्या समुद्रात. आणि चुंबकाच्या भाषेत बोलायचं तर आपल्या उत्तरेला असलेला चुंबकीय ध्रुव हा मुळात दक्षिण ध्रुव. म्हणून तर सुईचं उत्तर टोक तिकडे ओढलं जातं.

नवा कॅडेट इथे हमखास विचारतो, “सर, मग खरा कुठला?” मी त्याला चार्टवर छापलेलं ‘कंपास रोज’ हे दिशाचक्र दाखवायचो. बाहेरचं वर्तुळ खऱ्या उत्तरेचं, आतलं चुंबकीय. आतल्या वर्तुळात व्हेरिएशन, म्हणजे या दोन उत्तरांमधला कोन, छापलेलं असतं, ते कोणत्या सालचं आहे ते असतं आणि दरवर्षी किती बदलतं तेही. हा आकडा जागोजाग वेगळा. मुंबई सोडताना तो एक अंशाच्याही आत असतो, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर शिकलेला पोरगा त्याला फारसं मोजत नाही. तेच जहाज केप ऑफ गुड होपला पोचलं की सुई खऱ्या उत्तरेपासून पंचवीस अंशांच्या आसपास पश्चिमेला कललेली असते. तिथे हिशेब विसरून साठ मैल गेलात, तर पंचवीस मैल बाजूला जाल.

रात्री ध्रुवतारा कामाला येतो. त्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे ढोबळमानाने आपला अक्षांश. पण अढळपद मिळालेला हा ताराही आकाशाच्या ध्रुवापासून सुमारे दोन तृतीयांश अंश दूर राहून त्याच्याभोवती फिरतो. त्याची दुरुस्ती अल्मनॅकच्या कोष्टकात दिलेली असते आणि ती केल्याशिवाय अक्षांश लिहीत नाहीत.

दक्षिण ध्रुवावर माणसाने खूण रोवली, तिचीही हीच गत. आमुंडसेन तिथे १४ डिसेंबर १९११ रोजी पोचले. तिथला बर्फाचा थर वर्षाला दहाएक मीटर सरकतो आणि खुणेचा खांबही सोबत नेतो. म्हणून दर १ जानेवारीला ती खूण मोजून पुन्हा खऱ्या जागी रोवतात. जवळच राष्ट्रध्वजांच्या कड्यात पट्ट्यापट्ट्यांचा एक खांब आहे, तो नुसता समारंभाचा.

मोजणाऱ्यांची ही चिकाटी आपल्याकडेही होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं, तेव्हा त्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. दोन्हीकडच्या नोंदी जुळाव्यात म्हणून काही काळ दोन्ही ठिकाणी मोजणी चालू ठेवली.

या विद्येतली सगळ्यात मोठी गंमत अशी की, ध्रुव दाखवणारं यंत्र ध्रुवाजवळच निकामी होतं. चुंबकीय ध्रुवापाशी सुईला आडवी ओढ उरत नाही आणि ती भरकटते. दुसरं होकायंत्र, जायरो, पृथ्वीच्या फिरण्यावर चालतो. भौगोलिक ध्रुवाजवळ त्याचीही दिशा ठरत नाही. म्हणून एकट्या यंत्रावर कुणी भरवसा ठेवू नये. उगवत्या-मावळत्या सूर्याचा बेअरिंग घ्यावा, होकायंत्राशी ताडून पाहावा आणि निघालेली चूक वहीत लिहावी. आज जीपीएस आहे, तरीही विजेशिवाय चालणारं चुंबकीय होकायंत्र मोठ्या जहाजांवर असलंच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि तो योग्यच आहे.

तुमच्या मोबाइलमध्येही होकायंत्र असतं. ते खरी उत्तर दाखवतंय की चुंबकीय, हे बहुधा सेटिंगमध्ये कळतं. सह्याद्रीत या फरकाने फारसं बिघडत नाही. केपटाउनला किंवा कॅनडाला जाणार असाल, तर निघण्यापूर्वी तेवढं तपासून घ्या.