पातेलं मोठं घ्या!

रूममेटची आयडिया, घरीच बिअर करू या. पण १९४९चा दारूबंदी कायदा वाचला आणि परवान्याशिवाय हे जमायचं नाही, हे कळलं. मनात उरलं एवढंच गणित : २० लिटर उकळायचं तर भांडं ३० लिटरचं. फेसाला जागा हवी ना!

महालक्ष्म्यांना डोणगावला गेलो. आई १० लिटरच्या पातेल्यात काठोकाठ आंबील करायला निघालेली. गेल्या वर्षी तीच उतू जाऊन तिचा हात भाजला होता. शेजारून १५ लिटरचं पातेलं आणलं. उकळी येईपर्यंत पाण्यावर झाकण, म्हणजे गॅस वाचतो. मग झाकण काढून रात्रभर ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ ओतलं, सतत ढवळत.

"पुण्यात हेच शिकला काय रे?" आई म्हणाली. पण पळी तिनं माझ्याच हातात ठेवली.