मकबऱ्याच्या भिंतीवरची नावे

औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहून ‘हा तर दुसरा ताज’ असे म्हणत लोक मोबाईल काढतात. ताजला वरून खालपर्यंत संगमरवर आहे. दिलरस बानो बेगम यांच्यासाठी १६६० च्या सुमारास बांधवलेल्या या मकबऱ्यात मात्र संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. बाकी काळा दगड, त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा आणि त्यातच उठवलेली वेलबुट्टी. संगमरवराचा मळ धुता येतो. गिलाव्यावर किल्लीने कोरलेले नाव धुऊन जात नाही. तेवढा भाग खरवडून नव्याने लिंपावा लागतो, आणि जुन्या कारागिराचा हात तिथून कायमचा जातो.

सातवीच्या मुलींना घेऊन आम्ही गेलो तो सुट्टीचा दिवस होता. रांग वेलबुट्टीवर तळवे घाशीत पुढे सरकत होती. कोनाड्यांत बदामी दिल आणि त्यांत दोन-दोन नावे. (निकाहनाम्यावर सही करायला इतकी घाई नसते!) आत कबर खालच्या मजल्यावर आहे. वरच्या कठड्यावरून लोक तिच्यावर नाणी फेकत होते.

“टीचर, ही दुआ असते का?” एका मुलीने विचारले.

“फातिहाला चिल्लर लागत नाही, बेटा,” आम्ही म्हणालो.

बांधणाऱ्यांची नावे प्रवेशद्वारावरच्या लेखात आहेत : अताउल्ला आणि हंसपतराय. गर्दी त्या दारातूनच आत येत होती. आमच्या मुली तिथे थांबल्या, तेव्हा मागच्यांनी “चला, चला” म्हणून त्यांना पुढे ढकलले.