बोकडाचे केस आणि मरळीचा राग

आमच्या मनीषनगरात माणसाला संयम शिकवण्याचे काम पुष्कळ वर्षे रेल्वेच्या फाटकाने केले. उड्डाणपूल होण्यापूर्वी त्या फाटकापाशी मी आयुष्यातले इतके तास उभा राहिलो आहे, की निवृत्त झाल्यावर गळ टाकून तळ्याकाठी बसणे मला मुळीच जड गेले नाही. फरक एवढाच, की फाटकापाशी शेवटी काहीतरी यायचेच. तळ्यावर तशी खात्री नसते.

हा नाद लावला धाकट्या मेहुण्याने. पहिले वर्ष मी कणकेच्या गोळ्यांवर काढले. रोहू कधीमधी भुलायचा. पण मरळ कणकेकडे ढुंकूनही पाहत नाही. ती शिकारी जातीची. शेवाळाच्या आडोशाला दबा धरून बसते आणि समोरून काही हलताना दिसले, की झडप घालते. तिला हलणारे काहीतरी हवे. म्हणून मेहुण्याने मला जिग आणून दिली.

जिग म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो, नाहीतर पुढचे सगळे तुम्हाला कोडे वाटेल. गळाची मान काटकोनात वाकवायची, तिच्याभोवती टपोऱ्या वाटाण्याएवढे शिशाचे डोके ओतायचे आणि डोक्यामागे दांडीवर केसांची किंवा पिसांची शेपटी बांधायची. दोरी ओवायचे नेढे डोक्याच्या वरच्या अंगाला येते, वजन खाली राहते, त्यामुळे पाण्यात गळाचे टोक आभाळाकडे तोंड करून असते आणि तळाच्या काटक्यांत कमी अडकते. 'कमी' हा शब्द नीट वाचावा. एका सकाळी माझ्या चार जिगा बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांनी गिळल्या. बाजारात एकेकीला शंभर-दीडशे रुपये पडतात. घरी आल्यावर हिने हिशेब विचारला आणि मी खरा सांगितला. ही माझी चूक.

"त्यापेक्षा बाजारातून मासाच का आणत नाही?" ही म्हणाली. शुद्ध शाकाहारी बाईच्या तोंडून हे वाक्य यावे, यावरून प्रकरण कुठवर गेले होते ते ध्यानात येईल.

तेव्हा मी ठरवले, की आपणच बांधायच्या.

पहिला बेत मुळापासून सुरुवात करण्याचा होता. पंक्चरच्या दुकानातून चाकाच्या तोलाची जुनी शिसाची वजने आणायची, वितळवायची आणि साच्यात ओतायची. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजे घरच्या गॅसवर सहज होते, आणि मोहात पाडणारी गोष्ट नेमकी हीच. मी एक जुनी कढई हेरूनही ठेवली होती. हिने ती हातातून काढून घेतली. ती काही बोलली नाही, नुसते नातवाकडे बोट दाखवले. पोर सहा वर्षांचे, सदा माझ्या कोपराशी. शिशाची वाफ आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते, आणि तिला ना चव ना वास, की माणूस वेळीच सावध व्हावा. शिवाय वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला, तरी ते उकळत्या तेलासारखे अंगावर उडते. सुरुवात करणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच, की ओतकाम करू नका. शिशाचे डोके बसवलेले कोरे गळ तयार मिळतात. सात ग्रॅमचे दहा-बारा आणावेत, डब्यात कुलपाखाली ठेवावेत आणि हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चकलीला हात लावू नये.

उरली शेपटी. तीच खरी कला.

परदेशी पुस्तकांत शेपटीसाठी हरणाच्या शेपटीचे केस सांगितलेले असतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाच्या केसाचा विचारही मनात आणू नये. मी बोकडावर आलो. खाटकाकडे जाऊन, "मटण नको, शेपटी द्या," असे म्हणणारे गिऱ्हाईक त्याने याआधी पाहिले नसावे. त्याने एक काळी आणि एक तांबूस, अशा दोन शेपट्या कागदात बांधून दिल्या, पैसे घेतले नाहीत आणि मी वळल्यावर गल्ल्यावरच्या पोराला काहीतरी खूण केली. त्या मी साबणाच्या पाण्यात धुतल्या आणि गच्चीवर वाळत घातल्या. शेजारच्या वहिनींनी दोन दिवस आमच्याकडे विरजण मागितले नाही. मानेची लांब पिसे मात्र गावरान कोंबड्याचीच हवीत. पांढऱ्या ब्रॉयलरच्या पिसांत तो ताठा नसतो.

गळ धरायला खास व्हाइस मिळतो. मी लांब तोंडाच्या पक्कडीच्या मुठीला सायकलच्या ट्यूबचा रबर घट्ट गुंडाळला, पक्कड टेबलाच्या कडेला दोरीने आवळली आणि काम भागवले. धागा हिच्या शिवणाच्या डब्यातला, पॉलिएस्टरचा. सुती धागा पाण्यात कुजतो. शेवटी गाठीवर लावायला रंगहीन नेलपॉलिश. ते सुनेकडून मागून आणताना मला जो संकोच वाटला, तो खाटकाकडेही वाटला नव्हता.

आता बांधणी. आधी दांडीवर धाग्याचे वेढे घालून अस्तर करावे, नाहीतर केस गुळगुळीत लोखंडावर भोवऱ्यासारखे फिरतात. मग केसांचा झुबका दांडीच्या साधारण दुप्पट लांबीचा घ्यावा, टोके हातावर ठोकून सारखी करावीत आणि डोक्यालगत दोन सैल वेढे टाकून मग तिसरा आवळावा. पहिलाच वेढा आवळला तर केस चहूकडे पांगतात. वर कोंबड्याच्या पिसाच्या दोन-तीन फेऱ्या, शेवटी तीन अर्ध्या गाठी आणि त्यांवर नेलपॉलिशचा थेंब. तो थेंब नेढ्यात गेला तर दुसऱ्या दिवशी सुईने कोरत बसावे लागते. मी बसलो आहे.

नवशिक्याची हटकून होणारी चूक म्हणजे भरपूर केस. माझी पहिली जिग दाढीच्या ब्रशासारखी झाली होती. बादलीत सोडली तर हवा धरून कलंडली आणि तरंगतच राहिली. नातू म्हणाला, "आजोबा, ही झोपली." दुसरीत मी कंजूषपणा केला, तिचे केस पहिल्याच हिसक्याला गळाले. सातवी जिग बादलीत सोडली तेव्हा ती सरळ खाली गेली, आणि दोरी किंचित उचलताच शेपटी मिटली, सोडताच उमलली. उचलली, मिटली, सोडली, उमलली. त्या बादलीपाशी आजोबा-नातू किती वेळ उकिडवे बसलो होतो कोण जाणे. हिने दोनदा जेवायला हाक मारली होती म्हणे.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने करमणूक कशी करावी हे सांगताना त्यात 'मत्स्यविनोद' असा एक भाग आहे. गळ, दोरी, काठी आणि कोणत्या माशाला कोणते आमिष, हे सगळे त्यात आहे. ते कळल्यापासून माझा उद्योग घरात किंचित प्रतिष्ठेला चढला. मात्र राजाला टेबल आवरावे लागत नसणार.

जिगची खरी परीक्षा झाली भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा तलावावर. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेल्या या तळ्यांत आज मासेमारीचा हक्क बहुधा ढीवरांच्या सहकारी संस्थांकडे असतो. म्हणून मी आधी संस्थेची परवानगी काढली, ठरलेले पैसे भरले आणि त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या ढीवरबाबांच्या सोबतीने बांधावर बसलो. श्रावण अर्धा सरला होता. सातव्या क्रमांकाची तांबूस जिग कमळाच्या पानांच्या कडेला टाकली. दुसऱ्याच उचलीला असा हिसका बसला, की माझा चष्मा नाकावरून घसरला.

दोन किलोंच्या आसपासची मरळ असावी. काठाला आणली तेव्हा माझे हात थरथरत होते. माझ्या हाताने बांधलेल्या बोकडाच्या केसांना एवढा जाणता मासा फसला! मी बाबांकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहिले. ते माशाकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर पाण्यावर होती.

"काऊन साहेब, ते लाल दिसून राहिलं का?"

कमळाच्या पानांजवळ ताटाएवढी जागा तांबडी-नारिंगी झाली होती आणि पावसाचे थेंब पडावेत तशी बुडबुडत होती. मला आधी शेवाळ वाटले.

"पिल्लं हायेत तिची. मरळ उपाशी नव्हती जी. तिले राग आला. तुमचं ते केसाचं पोराईपाशी गेलं ना."

मरळ कल्ल्यांबरोबर हवेतूनही श्वास घेते, तशीच तिची पिल्लेही थवा करून वर येतात. काही आठवडे आईबाप त्यांच्या खाली पहारा करतात आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जातात. पहारा उठला, की दुसरे मासे तो थवा बघता बघता संपवतात. हे सारे मी पुस्तकात वाचलेले होते. बांधणीच्या नादात विसरलो होतो.

गळाचा उलटा काटा तिच्या जबड्यात पक्का रुतला होता. बाबांनी पक्कडीने तो सोडवला. थोडे रक्त आले. मग त्यांनी तिला पाण्यात धरून ठेवले आणि तिने शेपटी मारताच हात काढून घेतला. ती खोल गेली. थवा तोवर फुटून नाहीसा झाला होता. पावसाची भुरभुर सुरू झाली, तरी आम्ही दोघे तिथेच बसून राहिलो. मी तंबाखू खात नाही, पण बाबांनी पुढे केलेली चिमूट घेतली. बऱ्याच वेळाने पंधरा-वीस हातांवर पुन्हा लालसर बुडबुडे दिसले. आधीपेक्षा लहान जागा. खाली ती होती की नाही, ते वरून कळण्यासारखे नव्हते.

घरी आल्यावर नातवाने विचारले, "सातव्या नंबरने मासा पकडला?" मी हो म्हणालो. "मग कुठे आहे?" त्याला सगळे सांगितले, रक्तासकट. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "तिला पोरं मोजता येतात का?" याचे उत्तर मला कुठल्याच पुस्तकात सापडलेले नाही.

तेव्हापासून नवी जिग पक्कडीत धरली, की शेपटीआधी मी तिचा उलटा काटा दाबून सपाट करतो. मासे जास्त निसटतात, हे मान्य. आणि पावसाळाभर नुसती बांधणी करायची, टाकायची नाही, असे ठरवले आहे. त्यामुळे सध्या घरात जिगांचा सुकाळ झाला आहे आणि परवा चिवड्यात एक तांबूस केस निघाला. हिने तो चिमटीत धरून माझ्यासमोर ठेवला आणि पुढचा घास घेतला. तीस वर्षांच्या संसारात एवढा मोठा विजय मला क्वचितच मिळाला असेल.

ढीवरबाबांनी दोन जिगा मागितल्या आहेत, काळ्या शेपटीच्या, बिनकाट्याच्या. भाऊबीज झाली की नातवाला घेऊन जाणार आहे. त्याने स्वतः एक बांधली आहे. ती अजून तरंगते.