अदृश्य सेवकांची विचारपूस

ज्या सेवकाचें काम बिनबोभाट चाललें आहे, त्याची आठवण धन्यास सहसा होत नाहीं. दूधवाला एक दिवस आला नाहीं म्हणजे घरांत त्याचें नांव दहा वेळां निघतें. एरवीं तें वर्षानुवर्षें कोणाच्या ओठांवर येत नाहीं. आजचें प्रत्येक सुशिक्षित कुटुंब अशा कित्येक अदृश्य सेवकांच्या जिवावर जगत आहे. बँकेंतील हिशेब, आगगाडीचें तिकीट, मुलांच्या परीक्षेचा निकाल, हीं सर्व कामें कोठेंतरी दूर ठेवलेल्या सर्व्हर नामक यंत्रावर होतात. त्या यंत्राच्या पोटांत अनेक लहानमोठे कार्यक्रम रात्रंदिवस राबत असतात. एक घड्याळ बिनचूक ठेवतो, एक टपाल पोंचवितो, एक बाहेरून येणारास ओळख पटवून आंत घेतो, एक मध्यरात्रीनंतर सर्व दप्तराची नक्कल करून ठेवतो. यांस सर्व्हिस असें म्हणतात. यांची विचारपूस करणें हा आमचा व्यवसाय असल्यामुळें, त्यांच्याविषयीं दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आम्ही आपणांकडे घेतों.

यांचें जुनें नांव मोठें गमतीचें आहे. १९६३ च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या मंडळींनीं पडद्याआड राबणाऱ्या अशा कार्यक्रमांस डीमन म्हणण्यास प्रारंभ केला. ही कल्पना त्यांनीं पदार्थविज्ञानांतून उचलली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें १८६७ सालीं एक काल्पनिक जीव निर्मिला होता. दोन कोठड्यांमधील चिमुकल्या दारापाशीं बसून वायूचे वेगवान् व मंद कण तो अविश्रांत निवडीत असे. आपल्या गोष्टींतील भूत धन्यास म्हणतें, "काम दे, नाहीं तर तुला खातों." हीं संगणकांतील भुतें अगदीं उलट स्वभावाचीं. काम नसेल तर तीं निमूट पडून राहतात. आणि काम करतां येईनासें झालें, तरीहि पुष्कळदां निमूटच पडून राहतात. सर्व अनर्थाचें मूळ या दुसऱ्या गुणांत आहे.

या सेवकांची खबर ठेवणारा एक कारभारीहि असतो. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सर्व्हरांवर आज हें काम सिस्टिमडी नांवाचा कार्यक्रम करितो. लेनार्ट पोएटरिंग व के सीव्हर्स या दोघांनीं तो २०१० सालीं पुढें आणला. यंत्र जागें होतांच पहिला क्रमांक यास मिळतो आणि इतर सेवक याच्या हुकमानें कामास लागतात. अमुक सेवकाचें कसें काय चाललें आहे, असें विचारतांच हा कारभारी तत्परतेनें उत्तर देतो. हिरवा ठिपका दिसला तर सेवक कामावर आहे. तांबडी खूण दिसली तर तो कोसळला आहे. तशी आज्ञा दिलेली असल्यास कोसळलेल्या सेवकास कारभारी आपण होऊन उठवितो. मात्र १० सेकंदांत ५ वेळां उठवूनहि सेवक पुन्हा पडला, तर नेहमींच्या नियमाप्रमाणें कारभारी त्याचा नाद सोडतो.

व्यवस्था उत्तम आहे. परंतु तो हिरवा ठिपका सांगतो तरी काय? सेवकाची नाडी चालू आहे, इतकेंच. नाडी झोपलेल्या माणसाचीहि चालते आणि मूर्च्छित माणसाचीहि चालते.

आमच्या परिचयाच्या एका रुग्णालयांत कांहीं वर्षांपूर्वीं घडलेली हकीगत येथें सांगण्याजोगी आहे. तेथील प्रयोगशाळेंत रक्ताची तपासणी झाली म्हणजे तिचा अहवाल एका सर्व्हिसच्या द्वारें वरच्या मजल्यावरील पडद्यावर उमटत असे. एके रात्रीं या सेवकानें दुसऱ्या एका यंत्रास कांहीं प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहत तो बसला. उत्तर आलेंच नाहीं. आणि किती वेळ थांबावें हें त्यास कोणीं शिकविलें नव्हतें. तो कोसळला नव्हता. त्यामुळें त्याच्या नांवापुढें हिरवा ठिपका रात्रभर चमकत होता आणि त्याच्या मागें अहवालांची रांग वाढत होती. सकाळीं वरच्या मजल्यावरील एका अनुभवी परिचारिकेनें घड्याळाकडे पाहिलें. सातच्या सुमारास नित्य येणारे अहवाल साडेसात झाले तरी आले नव्हते. तिनें खालीं फोन केला, "अहो दादा, आज आमच्याकडे एकहि रिपोर्ट नाहीं. मशीन बंद आहे कां?" "नाहीं सिस्टर, इथें सगळें हिरवें दिसतंय," असें उत्तर आलें. तेवढ्यानें तिचें समाधान झालें नाहीं. ती स्वतः जिना उतरून गेली आणि कागद हातांत घेऊन आली. मूत्रपिंडाच्या विकारानें आजारी असलेल्या एका गृहस्थाच्या रक्तांत पोटॅशियमचें प्रमाण इतकें चढलें होतें कीं, हृदय केव्हांहि थांबावें. डॉक्टरांनीं तत्काळ उपचार केले व ते गृहस्थ वांचले.

कारभाऱ्यानें सेवक जिवंत आहे कीं नाहीं हें पाहिलें. त्या बाईनें काम झालें कीं नाहीं हें पाहिलें. आमच्या सर्व शास्त्राचें सार या भेदांत आहे.

मोठमोठ्या संस्थाहि या भेदास फसतात. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याच्या हातून, दुय्यम सर्व्हरावरील माहिती पुसावयाची ती मुख्य सर्व्हरावरील पुसली गेली. सुमारें ३०० गिगाबाइट माहिती होती. हात आवरेपर्यंत त्यांतील साडेचार गिगाबाइटच उरली. नित्याच्या नकला काढून पाहूं गेलें, तों तेथें कांहीं नव्हतें. नक्कल करणारा कार्यक्रम आवृत्तींच्या तफावतीमुळें रोज अयशस्वी होत होता. त्या अपयशाची वर्दी देणारीं पत्रें निघतहि होतीं. परंतु तीं खात्रीलायक नव्हत म्हणून टपालाच्या दारींच नाकारलीं जात. सुदैवानें सहा तासांपूर्वीं अन्य कामासाठीं काढलेली एक प्रत हातीं लागली, म्हणून नुकसान तेवढ्या सहा तासांपुरतें राहिलें. कंपनीनें ही सर्व हकीगत स्वतः जगापुढें मांडली, हें तिला भूषणावह आहे. वर्दी आली नाहीं, एवढ्यावरून सर्व क्षेम आहे असें समजणें किती घातक, हें तीवरून सर्वांस कळलें.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट ठाऊक होती. गांवचा रामोशी रात्रीं गस्त घालतांना चोर दिसल्यावरच ओरडत नसे. चोर नसतांनाहि तो ठराविक वेळीं हाळी देई. ती हाळी ऐकत गांव निजे, आणि ती ऐकूं आली नाहीं तर जाणता माणूस अंथरुणावर उठून बसे. यंत्रांसहि हाच पाठ शिकवितां येतो. रात्रीची नक्कल पुरी झाली म्हणजे सेवकानें तसें कळवावें, आणि ठरल्या वेळीं तें कळलें नाहीं तर पाहणारानें धांवून जावें. नक्कल आहे एवढ्यावर न थांबतां, ती अधूनमधून उलगडून वाचूनहि पाहावी. १९९९ सालीं इथन गालस्टॅड यांनीं आरंभिलेल्या व पुढें नॅगिऑस या नांवानें प्रसिद्ध झालेल्या देखरेखीच्या कार्यक्रमांत उत्तरें चार आहेत: ठीक, सावध, संकट आणि अज्ञात. या चौथ्या उत्तराविषयीं आम्हांस विशेष आदर वाटतो. जें ठाऊक नाहीं तें ठीक म्हणून खपवूं नये, एवढी सचोटी त्यांत आहे.

मात्र हाळीहि बेतानें असावी. क्षुल्लक कारणांसाठीं रात्रींतून वीस वेळां फोन वाजूं लागला, तर एकविसाव्या वेळीं माणूस तो उशीखालीं सारतो, आणि खरा लांडगा नेमका तेव्हांच येतो.

त्या रुग्णालयांत पुढें अशी योजना झाली कीं, दर दहा मिनिटांनीं एक लटका अहवाल प्रयोगशाळेंतून निघावा, आणि तो वरच्या पडद्यापर्यंत पोंचला नाहीं तर जबाबदार माणसाचा फोन वाजावा. ती योजना नीट चालते. तथापि ती परिचारिका अजून सातच्या सुमारास घड्याळाकडे एकवार पाहते असें आम्हीं ऐकतों, आणि तिनें ती संवय सोडूं नये अशी आमची मनापासून इच्छा आहे.